सरासरी सर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भाकीत ऐकायला लोक जातात ते भेंडवळला. अक्षय तृतीयेला घट मांडायचे, रात्रीतून कोणता दाणा कुठं सरकला ते पहाटे पाहायचं आणि वर्षाचं पीकपाणी सांगून मोकळं व्हायचं. सरासरी सर याला हसतात. म्हणतात, "एका रात्रीचा नमुना? निदान तीन हंगाम तरी धरा!"

असे एक सर बहुतेक कॉलेजांत सापडतात. शिकवतात संख्याशास्त्र, जीव बास्केटबॉलच्या टीमवर. चेंडूला कधी हात लावत नाहीत; हातात किराणा दुकानातली लांब लाल वही. मॅचमध्ये सगळे पोरांकडे बघतात, सर वहीकडे. ओरडा झाला की मान वर न करता विचारतात, "कोणी टाकला?" तीन वर्षांत त्यांनी एकही बास्केट धड पाहिलेला नाही, नोंद मात्र एकाचीही चुकलेली नाही.

अमेरिकेतल्या डीन ऑलिव्हरनं 2004 साली 'बास्केटबॉल ऑन पेपर' लिहिलं, त्यानं ठरवलेली मापं सरांना हरिपाठासारखी पाठ: नेमाला 40 टक्के, चेंडू न गमावण्याला 25, रिबाउंडला 20, फ्री थ्रोला 15. दुरून 100त 30 गेले तरी जवळून 100त 45 गेल्याइतकेच गुण होतात, हे त्यांनी एका पोराला समजावलं. हिशेब पक्का होता. पोरगं दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या मैदानातून फेकू लागलं.

निकाल मात्र सर पैसेवारीत सांगतात. ती भाषा इथं शेंबड्या पोरालाही कळते. "पहिला क्वार्टर 62 पैसे, शेवटचा 41. पन्नासच्या आत. दुष्काळ जाहीर करा!" मदत कधी येणार, हे कोणी विचारत नाही. आपल्याला तशी सवयही नाही म्हणा.

परवा वही मिटून त्यांनी कोचसरांना टपरीवर गाठलं. तीन हंगामांचा निष्कर्ष निघाला होता: रिबाउंडला एक उंच पोरगा हवा.

"हे तं मले धा वर्षांपासून मालूम हाय, सर!"

"असेल. पुरावा माझ्याकडे आहे."

यंदा प्रवेशाच्या रांगेशी दोघं जोडीनं उभे असतात. कोचसर नजरेनं मापतात, सर टेप लावून.