आयुधसंग्रह

शालेय वयात एक डगमगता पाट निर्माण करून ज्यांनी सुतारकामास रजा दिली होती, त्या आमच्या एका सन्मान्य स्नेह्यांनी सेवानिवृत्तीनंतर त्या कलेत पुनःप्रवेश करताना जो क्रम स्वीकारला, तो समस्त छांदिष्टांनी गिरवावा असा आहे. लाकूड सर्वांत शेवटी घ्यावयाचे, हे त्यांनी प्रथमच मुक्रर केले. मग ढकलताना कापणारी करवत आपल्या प्रकृतीस मानवेल की ओढताना कापणारी जपानी, या प्रश्नाच्या निर्णयास सहा महिने लागले, आणि निकाल दोघींच्याही बाजूने झाला. पटाशी २५ अंशांत घासून ३० अंशांत तिला धार लावावी, त्यासाठी १००० व ८००० क्रमांकांचे पाण्याचे दगड पदरी असावेत, आणि अशी धार लागल्यावर तिचा लाकडाशी संपर्क येऊ देणे हा शुद्ध अविचार होय, हा सिद्धांत त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला की त्यांचे रंधे, पटाश्या नि गुण्या केवळ खंडेनवमीस हळदकुंकवापुरते बाहेर येतात. आमची तर नम्र सूचना आहे की आलापल्लीच्या सागवानास या छंदातून कायमचे बडतर्फ करावे. भुसा होणार नाही, बोटे शाबूत राहतील आणि जंगलही वाचेल.

एवढ्या ऐवजास साजेसे कपाट हवे, म्हणून गतमासी एका सुतारास पाचारण करण्यात आले. तो गोणपाटात तीन हत्यारे गुंडाळून आला आणि चौथ्या दिवशी कपाट उभे करून गेला. मजुरी अदा करताना, त्याची पटाशी बोथट असल्याचे स्नेह्यांनी त्याच्या निदर्शनास आणून दिले.