वेडेपणाची शिफारस

अमळनेरातली एखादी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि घरी म्हणाली, ‘मला गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीवर पीएच.डी. करायचीय,’ तर घरचे आधी एकमेकांकडे बघतात. मग काका विचारतात, ‘बोरी नदीत पाणी असतं कधी?’ शेजारचे बी.एड. सुचवतात, मामा तलाठी भरतीचा फॉर्म आणून देतो. हा सगळा व्यवहारी सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. तरीही त्या मुलीने तो ऐकू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्याला घरचे वेडेपणा म्हणतात, त्याची मी इथे शिफारस करतो आहे.

काकांचा प्रश्न योग्यच आहे. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते ती बोरीच्या कोरड्या पात्रात. पण नदी आटते म्हणून तिच्यावर संशोधन करायचं नाही, हे कुठून आलं? सरोवरविज्ञानाचा पाया घालणारा फोरेल जिनिव्हा सरोवराच्या काठी राहत होता. त्याच्यासमोर बारमाही पाणी होतं, म्हणून या शास्त्राची पहिली पुस्तकं बारमाही पाण्याचीच झाली. आटणाऱ्या नद्या कितीतरी काळ बाजूला राहिल्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दाखवलं, की लांबीच्या हिशेबाने जगातल्या निम्म्याहून अधिक नद्या वर्षातून किमान एक दिवस वाहायच्या थांबतात. म्हणजे बोरी अपवाद नाही, बहुमतात आहे.

आणि कोरडं पात्र रिकामं नसतं. रोटिफर, डॅफ्निया असे सूक्ष्म प्राणी पाणी आटायच्या आधी कठीण कवचाची अंडी घालतात. ती गाळात पडून राहतात, उन्हाळा काढतात आणि पाणी आलं की उबतात. अशी काही अंडी अनेक दशकांनंतरही उबल्याचं शास्त्रज्ञांनी पाहिलं आहे. डोहात अडकलेली मरळ तोंड वर काढून हवेतला श्वास घेते. बाकीच्या बहुतेक माशांना ते जमत नाही. आणि पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू त्यात कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना जेमतेम 7. त्यात शेवाळ रात्रभर श्वास घेतं, तयार मात्र काही करत नाही. म्हणून डोहाची खरी परीक्षा पहाटे असते आणि नमुना घ्यायचा तर सूर्य उगवायच्या आत बाटली घेऊन काठावर हजर राहावं लागतं. शेळ्या घेऊन निघालेला माणूस विचारणारच, ‘काय शोधी ऱ्हायनी वं ताई?’ त्याला नीट उत्तर द्यावं. कुठला डोह शेवटी आटतो आणि कुठे मासे आधी मरतात, हे त्याला ठाऊक असतं.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. जीवविज्ञान विषयात सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी 2023पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पात्र विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. जळगावला 1990पासून विद्यापीठ आहे. बाहेर पडायचं तर मुंबईची मत्स्यशिक्षण संस्था, नागपूरची नीरी, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची ॲट्री आहे. अधिछात्रवृत्ती नाही मिळाली तर तासिका तत्त्वावर शिकवत दिवस काढावे लागतात. ते कष्टाचं आहे आणि कुणी ते गोड करून सांगू नये.

मार्गदर्शक निवडताना मात्र एक गोष्ट पाहावी. एक धरण घ्यायचं, दोन वर्षं दरमहा पाण्याचा सामू आणि क्षार मोजायचे, तक्ते लावायचे, प्रबंध बांधायचा, असे प्रबंध आपल्याकडे पुष्कळ झाले. ती मोजमापं वाया जात नाहीत, पण त्यांच्यामागे प्रश्न नसेल तर संशोधन होत नाही. ‘बोरीचा कुठला डोह पुढच्या पावसाळ्यासाठी जीवाचं बियाणं राखतो?’ हा प्रश्न आहे. तामसवाडीच्या धरणाने आणि वाळूच्या उपशाने त्या बियाण्याचं काय झालं, हाही आहे.

अमळनेरला असला वेडेपणा नवा नाही. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापड विणणाऱ्या गावाला तत्त्वज्ञानाचा उपयोग काय, हे त्यांना कुणी विचारलं असेलच. साने गुरुजी आधी त्या मंदिरात अभ्यासक म्हणून आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ज्या गावाने आत्म्याचा अभ्यास करणाऱ्यांची सोय केली, त्याने गाळाचा अभ्यास करणारीलाही एक सूक्ष्मदर्शक आणि थोडी जागा द्यावी, अशी माझी मागणी आहे.

घाईही आहे. तालुक्यात पाडळसे इथे तापीवर वर्षानुवर्षं धरण बांधलं जातंय. ते भरलं की वाहत्या पाण्यातले जीव मागे पडतील आणि साचलेल्या पाण्यातले पुढे येतील. आधी काय होतं याची नोंद आधीच करावी लागते; नंतर ती कितीही पैसे मोजून मिळत नाही. बोरीचा गाळही पहिल्या पावसाआधी गोळा करायचा असतो. तेव्हा प्रवेशाची यादी लागायची वाट न बघता मे महिन्यातच पिशव्या आणि खुरपं घेऊन पात्रात उतरावं, पिशवीवर जागा आणि तारीख लिहावी आणि गाळ सावलीत सुकवून ठेवावा.