कधीमधीची बटणं

मेकॅनिकल कीबोर्डांच्या दुनियेत कीबोर्डाची ओळख टक्क्यांत सांगतात. १०४ बटणांचा सबंध कीबोर्ड म्हणजे १०० टक्के. त्याच्या उजवीकडचा आकड्यांचा चौकोन, म्हणजे नमपॅड, उडवला की ८७ बटणं उरतात; त्याचं नाव टेनकीलेस. त्याखाली ८४ बटणांचा ७५ टक्के, ६८ चा ६५ टक्के, ६१ चा ६० टक्के आणि ४७ चा ४० टक्के. हिशेब तपासायला बसलात तर ७५ टक्केवाल्यात ऐंशीच्या वर टक्के बटणं निघतात आणि ६० टक्केवाल्यात साठही भरत नाहीत, पण तो दोष सोडून द्या. दहावीच्या निकालांवर पोसलेल्या मराठी माणसाची खरी अडचण वेगळीच आहे. त्याच्या लेखी ७५ म्हणजे डिस्टिंक्शन, ६० म्हणजे फर्स्ट क्लास आणि ४० म्हणजे पेढे गुपचूप वाटायचे. इथे सगळा कारभार उलटा. जितके टक्के कमी, तितका माणूस पोचलेला. ‘घर्किन’ नावाचा एक कीबोर्ड तर अवघ्या ३० बटणांचा आहे. त्यातून इंग्रजीची २६ अक्षरं वजा केली की चार बटणं राहतात, आणि त्या चारांच्या जिवावर स्पेस, एन्टर, बॅकस्पेस, शिफ्ट, आकडे आणि यच्चयावत विरामचिन्हं चालवायची. आपल्याकडे हा विद्यार्थी नापास. तिकडे तो बोर्डात पहिला.

थट्टा पुरे, कारण छोट्या कीबोर्डाची बाजू लंगडी नाही. छोटा म्हणजे बारीक बटणांचा, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. शेजारशेजारच्या दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर सबंध कीबोर्डावर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच असतं, आणि ६० टक्केवाल्यावरही तेवढंच. अक्षरांना धक्का लागत नाही, फक्त पसारा आवरतो. सबंध कीबोर्ड साधारण ४३ सेंटिमीटर रुंद, ६० टक्केवाला साडेअठ्ठावीस. नुसता नमपॅड गेला तरी आठ सेंटिमीटर जागा सुटते, आणि ती नेमकी माऊसच्या बाजूची. दिवसभर उजवा हात नमपॅडला वळसा घालून माऊसपर्यंत जातो आणि तसाच परत येतो. तो वळसा वाचला की खांदाही दुवा देतो. डाव्या हाताने माऊस चालवणाऱ्यांना यातलं काही मिळत नाही, पण त्यांचं कोणत्याही वस्तूच्या रचनेत कधी कोणी ऐकलंय?

तेव्हा जागा वाचते हे मान्य. माझी तक्रार पुढच्या वाक्यापासून सुरू होते. ते वाक्य असं असतं: “नाही तरी ती बटणं आपण कुठे वापरतो?” छोटा कीबोर्ड विकणारा आणि विकत घेऊन बसलेला, दोघंही हे एकाच सुरात म्हणतात. पण ती बटणं गेलेली नसतात. ती ‘लेयर’मध्ये असतात, म्हणजे एफएन बटण धरून दुसरं काहीतरी दाबलं की उगवतात. एफएन आणि ५ मिळून एफ-५. डिलीट कुठे एफएन आणि बॅकस्पेसमध्ये, कुठे आणखी कशात, ते कंपनीच्या मर्जीवर. टेबलावरून उचललेलं प्रत्येक बटण डोक्यात कुठेतरी ठेवावं लागतं. टेबलाची जागा सेंटिमीटरमध्ये मोजता येते म्हणून तिची जाहिरात होते. डोक्यातल्या जागेचं भाडं कुणी छापत नाही.

यावर हाडाचा कीबोर्डप्रेमी एक बिनतोड वाटणारा दाखला देतो: शिफ्ट हासुद्धा लेयरच नव्हे का? दाखला खरा आहे. टाइपरायटर घडवणाऱ्या शोल्सच्या पहिल्या रेमिंग्टन यंत्रावर फक्त मोठी अक्षरं उमटत. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ वर शिफ्ट आला आणि एकाच बटणातून लहान-मोठी दोन्ही अक्षरं निघू लागली. पुढे स्मिथ प्रीमियरसारख्या यंत्रांनी शिफ्टला नाकारून लहान आणि मोठ्या अक्षरांना वेगवेगळी बटणं दिली. तो दुप्पट पसारा अखेर हरला आणि शिफ्ट जिंकला. कित्येक जुन्या टाइपरायटरांवर तर १ चं बटणही नसे. टंकलेखक इंग्रजीतला लहान एल ठोकून तारखा लिहीत आणि कुणाचं काही अडत नसे. मग आजच्या माणसाने एफ-५ साठी का कुरकुरावं? उत्तर या दाखल्यातच आहे. मोठं अक्षर दर वाक्याला लागतं. १ हा आकडा रोजच्या पत्रव्यवहारात पन्नासदा येतो. जे सतत करावं लागतं ते बोटं शिकतात, आणि एकदा शिकली की डोक्याला विचारायला येत नाहीत. लेयरचा यशस्वी इतिहास हा वारंवार लागणाऱ्या बटणांचा इतिहास आहे.

आता आजचे छोटे कीबोर्ड लेयरमध्ये काय टाकतात ते पाहा. एफ-बटणं, प्रिंट स्क्रीन, होम, एन्ड, डिलीट. तर्क असा, की ही क्वचित लागतात म्हणून लपवा. माझ्या मते गफलत होते ती इथे. क्वचित लागणारं बटण बोटांच्या स्मरणात कधीच बसत नाही, त्यासाठी मान खाली घालून शोधावंच लागतं. आणि शोधायचं तर ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. बटणांचे खरे तीन वर्ग आहेत: नेहमीची, कधीमधीची आणि कधीच नाहीची. कधीच नाहीची काढून टाकावीत. नेहमीची हवी तर लेयरमध्ये घाला, आठवड्याभरात हात बसेल. कधीमधीची मात्र उघड्यावरच पाहिजेत. छोटा कीबोर्ड नेमकं याच्या उलट करतो आणि त्याला नीटनेटकेपणा म्हणतो.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ६० टक्केवाल्यात एस्केप आणि बॅकटिक, म्हणजे १ च्या डावीकडची ती छोटी तिरपी खूण, यांना एकाच बटणात संसार करावा लागतो. कीबोर्डाच्या आतला प्रोग्रॅम, बहुतेकदा क्यूएमके, त्यांची वाटणी करून देतो: नुसतं दाबलं तर एस्केप, शिफ्ट धरून दाबलं तर बॅकटिकचं बटण. व्यवस्था सुटसुटीत. पण विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप यांनी. शिफ्ट धरला की एस्केपचा एस्केप राहत नाही, आणि टास्क मॅनेजर उघडत नाही. क्यूएमकेमध्ये यावर तोड आहे, एक सेटिंग आधी बदलून ठेवावं लागतं. मात्र ते ठेवलेलं नाही हे माणसाला कळतं कधी, तर कॉम्प्युटर गोठलेला असतो, अर्धी फाईल सेव्ह व्हायची असते आणि टास्क मॅनेजरची गरज वर्षातून एकदाच लागते ती नेमकी त्या क्षणी.

कधीच नाहीच्या वर्गावरही आंधळा विश्वास नको. स्क्रोल लॉक या बटणाबद्दल कुणाला ममता नाही. पण एक्सेलमध्ये ते चालू राहिलं की बाणाची बटणं चौकटीतून चौकटीत जायचं सोडून सगळा तक्ताच सरकवत बसतात. बंद करायचं तर बटण हवं, आणि ते तर आपण अडगळ म्हणून उडवलेलं. मग विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून पडद्यावरचं स्क्रोल लॉक माऊसने दाबायचं. ज्या पसाऱ्याला विटून हजारो रुपये मोजले, तो पसारा पडद्यावर येतो, माऊसने चालतो, आणि खाली तो देखणा छोटा कीबोर्ड निवांत बसून पाहत असतो.

सगळेच छोटे कीबोर्ड असे अविचाराने कापलेले नाहीत, हेही सांगायला हवं. जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइति वादा यांच्या कल्पनेतून पीएफयू कंपनीने १९९६ मध्ये ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ काढला. ६० बटणं, बाण नाहीत, आणि जिथे कॅप्स लॉक मिरवतो त्या मोक्याच्या जागी कंट्रोल. बाण लपवले, पण उजव्या हाताच्या करंगळीच्या आसपास, एफएनसोबत. प्रोग्रॅमरला बाण मिनिटामिनिटाला लागतात, कंट्रोल त्याहून जास्त. म्हणजे लपवलेली वस्तू नेहमीचीच होती. त्याही आधी १९७६ च्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक त्यावर लिहिला आणि आजही प्रोग्रॅमर त्याच चार अक्षरांनी फिरतात. याच हॅपी हॅकिंगची एक आवृत्ती संपूर्ण कोऱ्या बटणांची मिळते, एकही अक्षर न छापलेली. तो विनोद वाटला तरी त्यात प्रामाणिकपणा आहे: हा कीबोर्ड ज्यांच्या बोटांना सगळं पाठ आहे त्यांचाच, बाकीच्यांनी हात लावू नये.

गोम अशी, की कधीमधीची यादी धंद्यागणिक बदलते. प्रोग्रॅमरला नमपॅड अडगळ वाटतो. टॅलीवर बसलेल्या हिशेबनिसाचा तो उजवा हात आहे. टॅलीत एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. मार्चअखेर त्याच्यापुढे ६० टक्केवाला ठेवून पाहा. जीएसटी राहील बाजूला, आधी तुमचा हिशेब होईल. आणि मराठी लिहिणाऱ्याची यादी तर इंग्रजी डोक्याने कीबोर्ड कापणाऱ्याला स्वप्नातही सुचणार नाही. इन्स्क्रिप्ट या प्रमाण मांडणीत ड असतो चौकोनी कंसाच्या बटणावर, ॉ उलट्या तिरप्या रेघेवर, ृ बरोबरच्या चिन्हावर. ही बटणं इंग्रजीत कधीमधीची म्हणून ‘प्लांक’सारखे ४० टक्केवाले कीबोर्ड त्यांना बेलाशक लेयरमध्ये टाकतात. परिणामी डॉक्टर हा शब्द पहिल्या दोन पावलांतच लेयरमध्ये अडकतो. ऑफिसला जायला लेयर आणि शिफ्ट दोन्ही लागतात, गाढवातल्या ढ लाही तेवढाच मान द्यावा लागतो, कृपा लेयरशिवाय होत नाही. ज्ञानाचे तर दोन्ही रस्ते बंद: शिफ्ट आणि ५ ने ज्ञ येतो, तर आकड्यांची ओळच नाही, ज ला ञ जोडावा, तर तो ञ कंसाच्या बटणावर.

६५ आणि ७५ टक्केवाले यातून सुटतात, पण त्यांनी बाणांना जागा करताना उजवा शिफ्ट कापून जवळपास दोन-तृतीयांशावर आणलेला असतो आणि त्याला खेटून वरचा बाण बसवलेला असतो. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई हे सुटे स्वर डाव्या हाताखाली शिफ्टने येतात, म्हणजे रीतसर टायपिंग करणाऱ्याला उजवाच शिफ्ट लागतो. करंगळी जरा पलीकडे पडली की ‘आई’ लिहिताना वरचा बाण दाबला जातो आणि वरच्या ओळीत एक काना आणि एक वेलांटी अक्षराविना पोरकी होऊन उभी राहतात. इन्स्क्रिप्ट आता कोण वापरतं, असं कुणी विचारेल. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना हा जाच नाही, हे कबूल. पण म्हणून दुसऱ्याची अक्षरं फालतू ठरत नाहीत.

“सगळं आपल्याला हवं तसं प्रोग्रॅम करता येतं,” हा शेवटचा आणि सर्वांत दणकट आक्षेप. येतं. ए नुसता दाबला तर ए, धरून ठेवला तर कंट्रोल, अशीही सोय आहे. माणसाने दाबलं की धरलं हे ठरवायला क्यूएमके मुळात २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो, म्हणजे अक्षर उमटायच्या आधी कीबोर्ड स्वतः विचार करतो. पण हवं तसं प्रोग्रॅम करता येणं आणि सहा महिन्यांनी ते आठवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. म्हणून मंडळी लेयरांचे नकाशे काढून, छापून, मॉनिटरखाली चिकटवतात. त्या नकाशावर एफ-५ दिसतो, प्रिंट स्क्रीन दिसतो, सगळी हाकललेली बटणं आपापल्या नावासह दिसतात. फक्त ती दाबता येत नाहीत.

राहिला हौसेचा भाग, आणि हौसेवर युक्तिवाद चालत नाही. आटोपशीर कीबोर्ड दिसतो सुंदर, वाजतो सुंदर. आखूड शिफ्ट आणि इवलेसे कंट्रोल यांच्या मापाचे रंगीत कीकॅप नेहमीच्या संचात नसतात, त्यांचा जोडसंच वेगळा घ्यावा लागतो, आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला कसा लागतो ते पहिल्याच ऑर्डरला समजतं. तोही खर्च खुशाल करावा. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी आठवडाभर स्वतःच्या मानेवर लक्ष ठेवावं. जे बटण दाबताना मान खाली जाते, ते कितीही क्वचित लागो, घालवू नये. जे न बघता दाबलं जातं, ते कुठेही हलवावं. बहुतेकांची यादी टेनकीलेस नाही तर ७५ टक्केवाल्यापाशी येऊन थांबेल. अनेक जण मात्र थेट ६० टक्केवाला घेतात आणि महिन्याभराने त्याच्या शेजारी ठेवायला सुटा नमपॅड मागवतात. बाजारात तो वेगळा मिळतो तो उगीच नव्हे. अशा माणसाला कुणी हसू नये. त्याला आपली यादी सापडलेली आहे, फक्त बिल आधी आलं.