माननीय साडेनऊ हजार पौंड यांस

मु. पो. माहितीपुस्तिका, पान तिसरे, वरच्या अंगाला, ठळक अक्षरांत.

सा. न. वि. वि.

आपली-माझी ओळख डेन्व्हरच्या एका शोरूममध्ये झाली. पांढऱ्या पिकअपच्या काचेवर आपण विराजमान होता : टोइंग क्षमता ९,५०० पौंड. विक्रेत्याने बोट दाखवलं ते आपल्याकडे, गाडीकडे नव्हे. मी मनातल्या मनात किलो केले, चार हजार तीनशे. आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर सगळं भरून ६,८०० पौंड. म्हणजे २,७०० पौंड हातचे. साताऱ्याच्या माणसाला हातचा असला की झोप छान लागते. त्या रात्री मला लागली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, तिला रॉकी पर्वत दाखवायचा होता. मी, बायको, दोन मुलं, आई, कुकर, तांदूळ, मुलांच्या सायकली, आणि मागे आमचं चाकांवरचं घर. आय-७० महामार्ग धरला.

आता थोडा भूगोल, कारण आपल्याला तो कुणी शिकवलेला दिसत नाही. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. आमची कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे डेन्व्हरचा माणूस दूध आणायला बाहेर पडतो तोच कळसूबाईच्या माथ्यापाशी. तिथून आयझेनहॉवर बोगद्याचं पूर्वेकडचं तोंड ११,०१३ फुटांवर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवायची आणि तिच्यावर तीन टन वजन ओढत न्यायचं, असा हा घाट.

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन विरळ हवेत आपल्या-माझ्यासारखंच धापा टाकतं. दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद कमी होते. मला ३५५ घोडे विकले होते. बोगद्यापर्यंत त्यातले शंभरावर घोडे वाटेतच लगाम सोडून निघून गेले. उरलेले जॉर्जटाउनच्या पुढच्या चढावर असे खिंकाळायला लागले की मुलीने कानांवर हात ठेवले. फेरे पाच हजारांवर, वेग ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर सरकेना, गिअरबॉक्सचं तापमान माझ्या रक्तदाबासारखं. एक डिझेल पिकअप आमच्या दीडपट ट्रेलर घेऊन शेजारून गेली. तिच्या ड्रायव्हरने हात केला. माणूस सभ्य असावा, पण त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही. चढताना आठ मैलांना एक गॅलन लागला, तेही सोडून देतो. डोंगरातल्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं आणि गाडीची पुस्तिका ८७ मागते, तेही सोडतो.

‘‘इंजिन रडतंय रे,’’ आई मागून म्हणाली.

तिला ते कळणारच. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते, वाई-महाबळेश्वरला. पसरणी घाट त्यांनी किती वेळा चढला असेल त्याची मोजदाद नाही. त्यांचा एकच नियम : ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. बोगद्यातून बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार लागतो, मैलोन् मैल, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ करून ठेवलेत. चढ संपल्याच्या आनंदात मी अण्णांचा नियम विसरलो. ब्रेकवर पाय ठेवून निघालो. तीन मैलांत तो जळका वास आत आला. मग गिअर खाली टाकला, इंजिन पुन्हा ओरडलं, आणि खाली पोचेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. आईने दारावरची मूठ धरली होती, ती पेट्रोलपंपावर गाडी थांबल्यावर सोडली. हा गाढवपणा माझा. पण आपल्या पुस्तिकेत ‘किती ओढते’ हे एवढ्या मोठ्या अक्षरांत असताना ‘किती अडवते’ हे कोणत्या पानावर आहे, ते मी अजून शोधतोय.

परतताना ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी घातली. एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून. आणि तिथे पहिल्यांदा ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा कागद वाचला. पानाच्या डबीएवढा. त्यावर लिहिलंय : प्रवासी आणि सामान मिळून १,४८२ पौंडांच्या वर नको.

ट्रेलरचं वजन नुसतं मागे ओढलं जात नाही, त्यातलं दहा ते पंधरा टक्के जोडणीतून पिकअपच्या पाठीवर बसतं. आमचं बसलं ८८०. उरले ६०२. आता माणसं : मी १९०, बायको १४५, मुलगा १२५, मुलगी ८०, आई १२०. बेरीज ६६०. पाच माणसं नुसती बसली आणि गाडी ५८ पौंडांनी जास्त भरली. जोडणीचा लोखंडी सांगाडा, बर्फाची पेटी, सायकली आणि तांदूळ तर अजून मोजलेलेच नाहीत. ते २,७०० हातचे कुठे गेले, महाराज? मी ट्रेलरमध्ये विटा भरल्या असत्या तरी आपण काचेवर हसत राहिला असता, आणि दाराच्या चौकटीतला तो कागद कधीच हात टेकून बसला असता.

हे गणित मी टेबलावर मोठ्याने करत बसलो होतो. आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, माझे किती धरलेस? मी म्हटलं, एकशेवीस. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘मग पुढच्या वेळी मी राहते घरी. माझ्याने गाडी जड होत असेल तर.’’

ऐकलंस? आता ‘आपण’ वगैरे राहू दे. सत्तरीची बाई बावीस तास विमानात अवघडून मुलाच्या घरी येते आणि स्वतःला सामानाच्या यादीतून कापते. ते तुझ्यामुळे. तू एवढा मोठा छापला गेलास म्हणून. एसटीच्या लाल डब्यातसुद्धा आत पाटी असते, बसणारे इतके, उभे इतके. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या मागे बँकर इंजिन लावतात. सदतिसाला एकचा चढ आहे, एकटीने जमणार नाही, हे रेल्वे चारचौघांत कबूल करते आणि प्रवासी तेवढ्यात वडापाव खातात. कबूल करण्यात कुणाची अब्रू गेली? तुझी का जाते?

रागाच्या भरात तुझं कूळ शोधून काढलं, आणि तिथे गडबड झाली. मला तुझी कीव आली.

अमेरिकेत पूर्वी हरेक कंपनी असे आकडे आपल्याच चुलीवर शिजवायची. मग २००८ मध्ये अभियंत्यांच्या संघटनेने एक मानक आणलं, ‘जे-२८०७’ नावाचं. त्याची चढाची परीक्षा बेतली आहे ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावर. शंभर अंश फॅरनहाइटच्या वर ऊन, एसी पूर्ण चालू, अकरा मैलांहून लांब चढ, आणि तुझ्या जातीच्या पिकअपने ताशी चाळीस मैलांच्या खाली यायचं नाही. परीक्षा सोपी नाही. तू ती प्रामाणिकपणे दिलीस आणि पास झालास. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. माझा घाट सुरू होतो तोच त्याच्या पावणेदोन हजार फूट वर. आणि त्या परीक्षेत गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. मूल नाही, सायकल नाही, कुकर नाही. तुला कुणी आई दिलीच नाही रे. तू खोटा नाहीस. तू सडाफटिंग आहेस, आणि तुला कुटुंबवत्सल म्हणून आमच्या गळ्यात बांधलं.

तेव्हा एकच मागणं आहे. पुढच्या छपाईत शेजारी थोडा सरक आणि त्या दाराआडच्या कागदाला काचेवर जागा दे. तुझ्याच आकाराच्या अक्षरांत.

कळावे. लोभ होता.

तुझा एक गिऱ्हाईक

ता. क. : गेल्या रविवारी आईला पुन्हा बोगद्यापर्यंत नेऊन आणलं. ती पुढच्या सीटवर होती, मागे काही जोडलेलं नव्हतं. ट्रेलर विकायला काढला आहे. वजन भरून ६,८०० पौंड, काट्याची पावती सोबत देईन.