शेजारचा बाक

संध्याकाळी तेलीबांधा तलावाला एक चक्कर मारा. रायपूरकर त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. फिरायची वाट, दिवे, खाण्याचे ठेले, उंच खांबावरचा तिरंगा. तलावाला लागूनच ‘बीएसयूपी’ची घरं आहेत. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून ती बांधली गेली, काठावरच्या झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी. जवळूनच विमानतळाचा व्हीआयपी रोड निघतो. पंधरा वर्षांच्या मुलाला आर्थिक विषमता शिकवायची तर रायपुरात याहून चांगली जागा सापडणं कठीण. आणि शाळा नेमक्या इथेच धडा हुकवतात.

सीबीएसईने २०१८ साली नववी ते बारावीच्या आरोग्य व शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ नावाचा भाग आणला. मुलांनी समाजात जाऊन काम करावं, त्यावर विचार करावा, नोंदी ठेवाव्यात. कल्पना उत्तम आहे. तिची अंमलबजावणी मात्र बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. शाळेची बस वस्तीच्या तोंडाशी थांबते. आधी बॅनर उतरतो, मग वह्यांचे गठ्ठे. वस्तीतल्या मुलांची रांग लावली जाते. नववीतली एक मुलगी वही पुढे करते, समोर तिच्याच वयाची मुलगी हात पुढे करते, आणि फोटो काढणारा म्हणतो, “थांबा, इकडे बघा.” वही दोघींच्या हातात तशीच अडकून राहते. फोटो हलतो. पुन्हा एकदा. रांगेतली मुलगी पुन्हा हात पुढे करते. बस परत फिरते आणि वहीत नोंद होते: ‘आम्ही किती भाग्यवान आहोत हे आज आम्हाला कळले.’

या वाक्याची मला चीड येते. मुलीची नाही, वाक्याची. चौदाव्या वर्षी आपण तिच्या मनात भरवतो की एकीच्या हाती वही देण्याचं आणि दुसरीच्या हाती घेण्याचं काम नशिबानं दिलं. मजुरी कोण ठरवतं, जमीन कोणाच्या नावावर आहे, शाळेची फी कोणाला परवडते, हे सगळे प्रश्न त्या एका ‘भाग्यवान’मध्ये बुडून जातात. शिक्षक त्याखाली सही करतात. दोष एकट्या शिक्षकांना देता येणार नाही. त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम आहे, वर्गात चाळीस-पन्नास मुलं आहेत आणि वरून अहवालाची तारीख आहे.

वस्तीत जाऊन गरिबी दिसते. विषमता दिसायला दोन टोकं लागतात, आणि दुसरं टोक वही देणाऱ्या मुलीच्या घरीच असतं. म्हणून प्रोजेक्ट घरून सुरू करा. वहीचं पान मधोमध आखायचं. डावीकडे लिहायचं, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना महिन्याला किती देतो. उजवीकडे, माझ्या गणिताच्या शिकवणीला किती देतो. खाली पुढचे प्रश्न: बाईंना पगारी सुट्टी आहे का? आजारी पडल्या तर पैसे कापतो का? शेवटची पगारवाढ कधी दिली? रात्री जेवताना आईबाबा थोडे अवघडतील. अवघडू द्या. वस्तीत वाटलेल्या शंभर वह्या जे शिकवणार नाहीत ते या एका पानातून कळेल.

त्यातच एक प्रश्न असावा, बाई कामाला येतात कशा? तेलीबांध्यात त्याचं उत्तर शोधायला लागलात की शहराचा इतिहास हाती येतो. रायपूर-धमतरी ही छोटी लाइन १९०० च्या सुमाराला सुरू झाली आणि तेलीबांधा हे तिच्यावरचं एक स्टेशन होतं. अभनपूर, राजिमकडचा गावकरी कमी पैशांत त्या गाडीने शहरात यायचा. २०१७ साली शहरातला रायपूर-तेलीबांधा हा तुकडा बंद झाला आणि रुळांच्या जागेवर एक्स्प्रेस वे झाला. मुलांनी जुन्या प्रवाशांना गाठावं. तेव्हा तिकीट किती होतं, आता किती पैसे जातात, वेळ किती लागतो, आणि नव्या रस्त्यावरून कोणाची वाहनं धावतात, हे त्यांना विचारावं. एका जमिनीच्या पट्ट्यावर आधी कोण चालत होतं आणि आता कोण चालतं, याची ही नोंद होईल. कुठल्याही पाठ्यपुस्तकात ती मिळणार नाही.

रायपूरच्या मराठी माणसाला तर हा विषय परका नसावा. माधवराव सप्रे मराठी घरातले, शिकले रायपुरात. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि १९०१ साली त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा लिहिली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये ती गणली जाते. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं आहे, आड येते विधवेची झोपडी. वकिलांना पैसे चारून तो ती ताब्यात घेतो. म्हातारी टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचं हे ओझं, तर सगळ्या जमिनीचं जन्मभर कसं पेलशील, असं ती विचारते. सव्वाशे वर्षांपूर्वी सप्र्यांनी झोपडी आणि वाडा एकाच चौकटीत ठेवले. आपले सेवा-प्रोजेक्ट वाड्याला चौकटीबाहेर ठेवतात.

देण्या-घेण्याची लोकांची स्वतःची रीतही इथे आहे. पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. छत्तीसगडच्या गावागावांत मुलं झोळ्या घेऊन दारोदार धान मागतात. त्यात ज्याची कोठी भरलेली आहे त्याच्या घरचीही मुलं असतात. त्या दिवशी मागणारा हात ठरलेला नसतो. शाळांनी सेवेचा दिवस आखण्याआधी हा सण नीट बघावा.

आता सर्वांत जवळची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याकांच्या शाळांना यातून सूट आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे ज्या वस्तीत सेवेसाठी बस न्यायची, तिथली मुलं शाळेतच असायला हवीत, शेजारच्या बाकावर. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या खाजगी शाळांत अशा शेजाराचा परिणाम तपासला. २०१९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब मुलांबरोबर वर्गात बसलेली सधन मुलं अधिक उदार झाली आणि शाळेच्या मदतकार्यात आपणहून जास्त येऊ लागली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगानं धावणाऱ्या गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाणही कमी झालं. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत थोडी घट दिसली. पालक ज्याला घाबरतात ते एवढंच.

तरी भिंत उभारायची खटपट चालूच असते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून मोकळं केलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाने दार उघडं ठेवलं म्हणून आत सगळं ठीक आहे असं नाही. फी माफ असली तरी सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, प्रोजेक्टचं सामान यांचे पैसे कोण भरतं? सहलीच्या दिवशी घरी राहणाऱ्या मुलाचं नाव हजेरीत असतं आणि बसमध्ये नसतं.

तेव्हा पालकांनो, यंदा शाळेने सेवा-प्रोजेक्टसाठी वर्गणी मागितली तर जरूर द्या. त्याबरोबर मुख्याध्यापकांना एक चिठ्ठीही द्या. त्यात तीन प्रश्न लिहा: कायद्याने आलेली मुलं आमच्या मुलांच्याच तुकडीत बसतात का? मागच्या सहलीला ती आली होती का? नसतील, तर वर्गणीतून आधी त्यांचे पैसे का भरले नाहीत? उत्तर लेखी मागा, आणि ते मुलांना वाचायला द्या.