एकाहत्तरावं पान

निवृत्तीनंतर माणूस मोजणं सोडतो म्हणतात. मी गणिताचा मास्तर. मला ते जमलं नाही. गेल्या मे महिन्यात धानोऱ्याकडे भाच्याच्या घरी गेलो, तर शेजारच्या अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं चाललं होतं. पहाटे जंगलात गेलेली मावशी सत्तर पानं मोजायची, वर एक ठेवायची आणि सालीची दोरी आवळायची.

“मावशी, एक पान जास्त जातंय.”

“जाऊ द्या जी गुरुजी. एक कमी भरला तं मुन्शी पुडाच बाजूले टाकते.”

माझ्यातला मास्तर जागा झाला. “अहो, सत्तर म्हणजे गरीब गाय! दोघं, पाचजण, सातजण, कुणीही यावं आणि समान वाटे पाडावेत. पण एकाहत्तर ही मूळ संख्या. तिचे समान वाटे कुणाच्या बापाला पाडता यायचे नाहीत!”

“वाटे कायले पाडाचे? सारा ठेकेदारच नेते.”

या एकावर आपला भारी जीव. आहेराच्या पाकिटाला रुपया चिकटवतो तो संसार अभंग राहावा म्हणून. पण 51 म्हणजे सतरा त्रिक, 501 ला तीनाने सरळ भाग जातो आणि 1001 चे तर सात, अकरा, तेरा असे तीन-तीन वाटेकरी. गणिताच्या हिशेबाने 11 आणि 101 वाल्यांचे संसार सुरक्षित. हे मी एकदा मांडवात आहेराच्या वहीजवळ बसून बोललो. तेव्हापासून मला पहिल्याच पंगतीला बसवतात.

अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली, तीही एकाच्याच करामतीची. फक्त आपण एक वाढवतो, तिथे एक काढलेला: 2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. अंक 4,10,24,320. आणि शेवटचा अंक? 1! शगुनाचा रुपया तिथेही चिकटलेलाच.

मावशीला हे समजवायचं कसं? म्हटलं, पानागणिक एक अंक लिहिला, तर 5,86,061 पुडे होतील. हजार पुड्यांची गोणी धरली तर 586 गोण्या. पुडे वाळवायच्या अख्ख्या फळीवर एकच आकडा पडलेला!

मावशीचे हात थांबले. “अन् पानं सारी बसली का पुड्यात?”

“नाही. पन्नास उरतात.”

“मंग तो पुडा मुन्शी घेत नाही जी.”

जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या वीस पानांसाठी धानोऱ्यात नापास! माझा चेहरा पाहून मावशीला दया आली असावी. तिने ढिगातून पानं मोजून माझ्यापुढे ठेवली. वीस, वर एक.

“घ्या, भरा तुमचा पुडा.”

एकवीस म्हणजे सात त्रिक, हे ओठांवर आलं होतं. पण मनात बेरीज करून पाहिली आणि गप्प बसलो. पन्नास आणि एकवीस, एकाहत्तर.