उतरलेल्या साखरेस खुले पत्र

सौ. उतरलेल्या साखरबाई यांस,
सा. न. वि. वि.

आधी तुमचं अभिनंदन. आमच्या खारदांड्यात भुरटा चोरसुद्धा चार दिवसांत ओळखू येतो. तुम्ही मात्र दोन वर्षं दुसऱ्यांच्या नावावर फिरलात. कधी पित्त, कधी ऊन, कधी नजर. आईचे हात कापायला लागले की शेजारची काकी मीठ-मिरच्या ओवाळायची. ठसका सगळ्या आळीला लागला, तुम्हाला तेवढा लागला नाही.

वेळ साधावी तर तुम्हीच. आई पहाटे साडेतीनला डायबेटिसची गोळी काळ्या चहाबरोबर घ्यायची आणि भाऊच्या धक्क्यावर म्हावरं आणायला निघायची. पोटात घास जायचा अकराला. तिची ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, बाई जेवलीय का हे विचारत बसत नाही. तुम्हाला आणखी काय आमंत्रण हवं होतं?

त्या दिवशी तर कमाल केलीत. हजारांचा हिशोब तोंडी करणारी माझी आई पाचशेच्या नोटेकडे नुसती बघत राहिली. सुटे पैसे तीनदा मोजले, तीनदा चुकली, मग गिऱ्हाइकावरच खेकसली. बर्फाला टेकून बसलेली, तरी ब्लाउज घामानं चिंब. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मावशी, सकाळीच घेतली का?" जन्मात थेंब न घेतलेल्या बाईला! करणी तुमची, बदनामी तिची.

शेवटी वहिनीनं बोट टोचलं. आकडा 52. 70 च्या खाली तुमची हद्द सुरू होते, 54 च्या खाली धिंगाणा, हे आम्हाला तेव्हा कळलं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. भाचा चॉकलेट आणायला धावला होता, त्याला परत बोलावलं. चॉकलेटातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी 81. मग भाकरी. (व्होग्लिबोस ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांना मात्र घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच द्यावं लागतं. ही खुबी तुम्ही बरी लपवून ठेवलीत.)

"आता बरंय, डॉक्टर कशाला?" आई म्हणाली. हे तुम्हीच पढवलेलं. गोळीचा अंमल तासन्‌तास टिकतो आणि तुम्ही दाराआडच उभ्या असता. डॉक्टरांनी गोळी कमी केली, ती न्याहारीबरोबरच घ्यायला सांगितली आणि किडनीची तपासणी लिहून दिली. किडनी थकली की असलं औषध अंगात रेंगाळतं. रात्री उशी घामानं भिजते का, घाबरवणारी स्वप्नं पडतात का, हेही विचारलं. आईनं मान खाली घातली. म्हणजे रात्रपाळीही तुमचीच!

आता घरात सगळ्यांना पढवून ठेवलंय: शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

आपली अजिबात नसलेली,
दांड्याच्या एका म्हावरेवालीची मुलगी

ता. क. : आईच्या पाटीत आता ग्लुकोजचा पुडा असतो. त्या गिऱ्हाइकाला तिनं अजून पापलेट स्वस्तात दिलेलं नाही.